एकाच आकाराच्या फक्त काही भागाला ग्रेडियंट कसा द्यायचा? (दिवाळी अंकाचं शीर्षक, इंकस्केप)

अंगणदीप
आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ यंदा माझ्याकडे आलंय. घरच्या संगणकावर इंकस्केप (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) आहे, ते मी दोन वर्षांपासून आपलं आपण शिकतेय. मुखपृष्ठ ए-४, ऑफसेटवर छापायचं. पार्श्वभूमी फिकट क्रीम आणि त्यावर मोठ्या ठळक अक्षरांत 'दिवाळी २०२५'.

मनात चित्र असं आहे : अक्षरांचं अंग गडद निळं, रात्रीसारखं. शिरोरेघ आणि तिच्यावरच्या दोन्ही वेलांट्या मात्र ज्योतीसारख्या हव्यात, वर हळदीचा पिवळा आणि खाली उतरत कुंकवाचा लाल. आणि 'ळ'च्या दोन पोकळ्यांपैकी एकीत पणतीसारखा उजेड.

अडचण अशी की ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू उतरणारी छटा) दिला की तो अख्ख्या शब्दाला लागतो. मग मी 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून, म्हणजे मजकुराचे नुसते आकार बनवून, गट सोडून एकेका अक्षराला ग्रेडियंट दिला, तर प्रत्येक अक्षरात रंग वेगळ्याच उंचीवर बदलतो. 'दि'मध्ये शिरोरेघ लाल येते, शेजारच्या 'वा'मध्ये तीच शिरोरेघ पिवळी. दोन रात्री गेल्या यात. अजून एक, संपादक मंडळानं नाव पक्कं केलेलं नाही. 'दिवाळी'च्या जागी 'दीपावली' येऊ शकतं, त्यामुळे सगळं कापून ठेवलं आणि शब्द बदलला तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा. आगाऊ धन्यवाद.

कोरलकर
ताई, सोलापुरात माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे. हे काम आम्ही रोज करतो, फक्त कोरल या सॉफ्टवेअरमध्ये. आमच्याकडे ग्रेडियंट कुणी म्हणत नाही, 'फाउंटन मार' म्हणतात.

आधी तुमच्या अक्षरांचं सांगतो. रंग वेगवेगळ्या उंचीवर का बदलतो? तुम्ही अक्षरं सुटी केलीत, म्हणून प्रत्येक अक्षर आपल्या उंचीइतका फाउंटन घेतं. 'दि'ला वर वेलांटी आहे, त्याची उंची जास्त. 'वा'ला वर काहीच नाही, त्याचा माथा म्हणजेच शिरोरेघ. त्यामुळे 'दि'चा पिवळा वेलांटीच्या टोकावर पडतो आणि 'वा'चा पिवळा शिरोरेघेवर. शब्द एकसंध केल्याशिवाय हे जुळत नाही.

एकसंध करताना 'कम्बाइन' करू नका, 'वेल्ड' करा. देवनागरीत एका अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. कोरलमध्ये कम्बाइन केलं की जिथे दोन रेघा एकमेकींवर आल्या तिथे भोकं पडतात. स्क्रीनवर लांबून कळत नाही, पण फ्लेक्स दहा फुटी झाला की अक्षरागणिक एक फट दिसते. इंकस्केपमध्ये वेल्डला 'युनियन' म्हणतात बहुतेक.

त्यानंतर आमची पद्धत : शिरोरेघेच्या खालच्या कडेला बरोबर टेकेल असा आयत काढायचा, वरचा सगळा भाग झाकणारा. शब्दाची एक प्रत त्याच जागी घ्यायची, प्रत आणि आयत दोन्ही निवडून 'इंटरसेक्ट'. वरचा तुकडा वेगळा मिळतो, त्याला फाउंटन मारायचा. खाली मूळ शब्द निळा तसाच राहतो. 'ळ'च्या पोकळीसाठी 'स्मार्ट फिल' घेऊन आत क्लिक करा, तेवढ्याच जागेचा नवा आकार तयार होतो.

अंगणदीप
कोरलकरदादा, दोन रात्रींचं कोडं तुम्ही एका परिच्छेदात सोडवलंत! वेलांटीमुळे उंची वेगळी होते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. युनियन केलं आणि रंग लगेच एका ओळीत आले. शब्द बदलला तर मात्र हे सगळं पुन्हा करावं लागेल ना?

कोरलकर
हो, करावं लागेल. पण पाच मिनिटांचं काम आहे, हात बसला की तीनच.

रेघोटी
मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, गिंप या सॉफ्टवेअरमध्ये. तिथला मार्ग सांगते, कारण हा प्रश्न वाचणाऱ्या सगळ्यांकडे इंकस्केप असेलच असं नाही.

गिंपमध्ये भाग म्हणजे सिलेक्शन, निवडलेली जागा. अक्षरांच्या लेयरवर (थरावर) 'अल्फा टू सिलेक्शन' करायचं, म्हणजे अक्षरांचा आकार निवडला जातो, मग आयताचं सिलेक्शन टूल घेऊन शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही दाबून शिरोरेघेवरचा पट्टा ओढायचा. दोन्ही सिलेक्शनचा सामाईक भाग तेवढा उरतो. वर नवा रिकामा लेयर घेऊन त्यातच ग्रेडियंट ओढायचा, मूळ अक्षरांवर कधीच नाही. पुढे रंग नाही आवडला तर तो लेयर पुसला की झालं.

नवशिके इथे एका गोष्टीत फसतात, मीही कित्येक महिने फसत होते. ग्रेडियंट सिलेक्शनच्या मापानं बसत नाही, तुम्ही जितकं ओढता तितकाच तो असतो. पानाच्या वरपासून खालपर्यंत ओढलंत तर निवडलेल्या छोट्या पट्ट्यात त्यातला मधलाच तुकडा दिसेल आणि रंग सपाट वाटेल. ओढायला सुरुवात वेलांटीच्या टोकापासून करा आणि सोडा शिरोरेघेच्या खालच्या कडेला. गिंपच्या २.१० आवृत्तीपासून ओढल्यावरही दोन्ही टोकं हलवता येतात, मनासारखं झालं की एंटर.

गिंपमध्ये 'शेप्ड' नावाचे तीन ग्रेडियंट आहेत, ते फारसे कुणी वापरत नाही. ते निवडलेल्या भागाच्या कडेपासून आतल्या बाजूला चढत जातात, म्हणजे आकार कसाही वेडावाकडा असला तरी छटा त्याच्या कडेबरोबर वळते. वेलांटीच्या कमानीत ज्योतीचा भास हवा असेल तर हे एकदा करून बघाच. साध्या सरळ ग्रेडियंटमध्ये ती गोलाई येत नाही.

जादूच्या कांडीनं (एकसारखा रंग निवडणाऱ्या टूलनं) अक्षर निवडू नका. कडेवरचे अर्धवट रंगाचे ठिपके सुटतात आणि ग्रेडियंटभोवती जुन्या रंगाची बारीक किनार राहते.

खडूफळा
चित्रकलेचा शिक्षक म्हणून तीस वर्षं काढली, संगणक नातवाकडून शिकलो. जलरंगात आम्ही हेच करायचो. आधी जिथे रंग नको तिथे चिकटपट्टी किंवा रबर सोल्युशन लावून हद्द बांधायची, ते वाळू द्यायचं आणि मग ओल्या कागदावर रंग उतरवायचा. हद्द बांधताना मुलांनी घाई केली की हमखास रंग पलीकडे जायचा.

अंगणदीप, तुझ्या कल्पनेत मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे तू अक्षराचा नेमका कुठला भाग उजळायचा ते अक्षराच्या रचनेवरून ठरवलंस. अक्षरकार कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं हातानं काढायचे, त्यात शिरोरेघेला आणि वेलांटीला स्वतःचं अंग असायचं, ती अक्षरावर नुसती ठेवलेली पट्टी नसायची. तेवढ्यासाठी सांगतो, ग्रेडियंट अगदी अक्षराच्या हाडावरच थांबव. शिरोरेघेच्या खाली अर्धा मिलिमीटरही लाल उतरला तर अक्षर भिजल्यासारखं दिसेल.

कंसमहिरपी
थांबा, या खास शब्दात काहीच कापायची गरज नाही. मी वेबसाइट बनवतो, त्यामुळे एसव्हीजी (आकार मजकुरात लिहून ठेवणारा चित्रांचा फाइलप्रकार) हातानं लिहायची सवय आहे. इंकस्केपची फाइल आतून एसव्हीजीच असते.

'दिवाळी'कडे नीट बघा. शिरोरेघेच्या वर वेलांट्यांशिवाय दुसरं काहीच नाही. म्हणजे तुम्हाला जो भाग हवा आहे तो 'एका आडव्या रेघेच्या वरचं सगळं' एवढाच आहे. ही रेघ ग्रेडियंटच्या आतच ओढता येते. ग्रेडियंटला थांबे असतात, प्रत्येक थांब्याला रंग आणि जागा. दोन थांबे एकाच जागेवर ठेवले तर त्यांच्यामध्ये छटा उरत नाही, रंग तिथेच तुटतो. मग असं करा :

मजकूर मजकूरच राहू द्या, पाथ करू नका. इंकस्केप चालू मजकुरालाही ग्रेडियंट देतं. ग्रेडियंट टूल (जी) घेऊन वेलांटीच्या टोकापासून शिरोरेघेच्या खालच्या कडेपर्यंत ओढा, कंट्रोल दाबून, म्हणजे रेघ उभी सरळ राहील. वरच्या थांब्याला हळदी, खालच्याला निळा. आता रेघेवर डबल क्लिक करून मधे एक थांबा घाला, त्याला कुंकू द्या आणि सरकवत खालच्या थांब्याला नेऊन भिडवा. हळदीपासून कुंकवापर्यंत छटा, आणि तिथून पुढे एकदम निळा. रिपीट 'नन' असू द्या, म्हणजे ग्रेडियंट संपल्यानंतर शेवटचा रंग तसाच पुढे चालू राहतो. अक्षराचं उरलेलं सगळं अंग आपोआप निळं.

नाव 'दीपावली' झालं तर मजकुरात जाऊन टाइप करा, बस. शिरोरेघेची उंची त्याच फाँटमध्ये तीच, त्यामुळे रंग जागचा हलणार नाही. अक्षरांचा आकार मोठा-लहान करण्याआधी मात्र निवड-टूलच्या पट्टीतलं 'वस्तूबरोबर ग्रेडियंट हलव' हे बटण चालू आहे ना ते बघा.

मर्यादाही सांगतो. रंग तुटण्याची ही रेघ आडवी आहे तोवर स्वच्छ दिसते. शीर्षक तिरकं केलंत तर तिथे पायऱ्या पडलेल्या दिसतील, कारण आकाराची कड मऊ केली जाते तशी थांब्यांमधली तोड मऊ होत नाही. तेव्हा दोन थांबे केसभर लांब ठेवायचे.

आणि '२०२५' वेगळा मजकूर ठेवा. अंकांना शिरोरेघ नसते, पण त्यांचा माथा तिच्या उंचीपर्यंत जातो. एकाच मजकुरात असतील तर आकड्यांच्या डोक्यावर विनाकारण लाल टोप्या चढतील.

कोरलकर
महिरपीभाऊ, मान्य. आडव्या रेघेचं काम असेल तर ही युक्ती भारी आहे, कोरलमध्येही होते. एफ-११ दाबून फाउंटनच्या पट्टीवर दोन खुणा एकमेकींवर आणायच्या. इतकी वर्षं मी कापतच आलो. पण गिऱ्हाईक जेव्हा म्हणतं, 'फक्त मोराच्या मानेला', तेव्हा कात्रीशिवाय इलाज नाही.

कंसमहिरपी
अगदी बरोबर. वळणदार हद्द असेल तर कापणं किंवा 'क्लिप', म्हणजे आकाराबाहेरचं फक्त झाकणं. मी क्लिप निवडेन : ग्रेडियंट भरलेला मोठा आयत खाली, त्यावर मानेचा आकार, दोन्ही निवडून 'सेट क्लिप'. मूळ दोन्ही आकार शाबूत राहतात, 'रिलीज' केलं की परत मिळतात.

रेघोटी
आणि हद्दच नको असेल, रंग मानेकडून अंगात विरत जायला हवा असेल, तर मास्क, म्हणजे कुठे किती दिसावं ते ठरवणारा पडदा. गिंपमध्ये लेयर मास्कवर काळ्या-पांढऱ्याचा ग्रेडियंट. तिथे कापलंत तर कड कायम टोचत राहते. आधी ठरवावं लागतं की रंग थांबायला हवा की विरायला हवा.

निळीशाई
माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथेच विचारते. मी वेबसाइटसाठी हातानं एसव्हीजी लिहून एक सरळ आडवी रेघ काढली, शिरोरेघच समजा. तिला ग्रेडियंट दिला तर रेघच गायब! साधा रंग दिला की दिसते. फाइल चारदा तपासली.

कंसमहिरपी
निळीशाई, तुमच्या फाइलमध्ये चूक नसेल. एसव्हीजीत ग्रेडियंटचं माप डीफॉल्टनं आकाराच्या चौकटीवरून घेतलं जातं. अगदी सरळ आडव्या रेघेच्या चौकटीची उंची शून्य असते, रेघेची जाडी त्यात धरत नाहीत. शून्य उंचीच्या चौकटीत माप बसत नाही, म्हणून रंगच लागत नाही. दोन उपाय : रेघेऐवजी बारीक आयत काढा, किंवा ग्रेडियंटला 'युजर-स्पेस-ऑन-यूज' हे एकक देऊन जागा प्रत्यक्ष अंकांत लिहा. इंकस्केप स्वतः दुसऱ्या पद्धतीनं लिहितं, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही.

निळीशाई
आयत केला, दिसला! आठवडाभर मी माझ्याच लिहिण्यात चूक शोधत होते. मनापासून आभार.

अंगणदीप
थांब्यांची युक्ती जमली!! पहिल्यांदा मधला थांबा पूर्ण भिडला नव्हता, त्यामुळे शिरोरेघेखाली जांभळी धूसर पट्टी येत होती, खडूफळा सरांनी सांगितलं तसं अक्षर भिजल्यासारखं. वर टूलबारमध्ये 'ऑफसेट'चा (थांब्याच्या जागेचा) आकडाच १ केला आणि कड धारदार झाली. 'दीपावली' टाइप करून पाहिलं, तेही बिनचूक आलं.

'ळ'ची पोकळी बादलीच्या टूलनं भरली. आत ज्योत आली, पण जवळून बघितलं तर तिच्याभोवती क्रीम रंगाची बारीक फट आहे.

कंसमहिरपी
इंकस्केपची बादली स्क्रीनवर जे दिसतं त्याचा माग काढते. लांबून भरलंत तर माग ओबडधोबड येतो. पोकळी स्क्रीनभर होईल इतकं झूम करा, मग भरा, आणि 'ग्रो'मध्ये थोडी वाढ द्या म्हणजे भरलेला आकार कडेखाली जाईल. नंतर तो अक्षराच्या मागे ढकला.

त्याहून स्वच्छ मार्ग : शब्दाची एक प्रत पाथ करून 'ब्रेक अपार्ट'. पोकळीची कड स्वतंत्र आकार म्हणून सुटी होते, अगदी फाँटमधल्या वळणासकट. बाकीचे तुकडे काढून टाका, या आकाराला रेडियल (मध्यापासून बाहेर पसरणारा) ग्रेडियंट. नाव बदललं तर एवढाच एक तुकडा पुन्हा करायचा. अर्थात 'दीपावली'त 'ळ'च नाही, तेव्हा उजेडाला दुसरं घर शोधावं लागेल.

शाईगंध
कोल्हापुरात ऑफसेट मशीनवर काम करतो. स्क्रीनवरचं सगळं छान झालंय, आता कागदावरचं बोलतो.

ताई, हळदी ते कुंकू हा ग्रेडियंट छपाईला उत्तम आहे. पिवळी शाई दोन्हीकडे शंभर टक्के ठेवा आणि फक्त मॅजेंटा (गुलाबी-लाल शाई) वीसवरून शंभरवर जाऊ द्या. एकच शाई बदलते, त्यामुळे मधला प्रत्येक टप्पा स्वच्छ केशरी.

दुसरं, लाल आणि निळा जिथे भिडतात ती कड. चार शाया चार वेगळ्या प्लेटनी बसतात, कागद केसभर हलला की दोन रंगांमध्ये पांढरी रेघ दिसते. आम्ही म्हणतो, रजिस्टर हललं. निळ्यात भरपूर मॅजेंटा ठेवा, शंभर सायन (आकाशी निळी शाई) आणि ऐंशी मॅजेंटा अशा हिशेबात. कुंकवातही मॅजेंटा आहेच, म्हणजे एक शाई सीमेच्या दोन्ही बाजूंना सलग राहते आणि रजिस्टर थोडं हललं तरी कागद उघडा पडत नाही.

अंगणदीप
शाईगंधदादा, हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षीचं मुखपृष्ठ दुसऱ्या ताईंनी केलं होतं, शेंदरी ते काळा असा आकाशाचा ग्रेडियंट. छापून आलं तेव्हा मधला भाग मातकट, वर ठळक पट्टे. छापखान्यानं फाइलला दोष दिला, आम्ही छापखान्याला. नक्की काय झालं असेल?

शाईगंध
मातकटपणा बहुधा काळ्यामुळे. एका टोकाला मॅजेंटा-पिवळा आणि दुसऱ्या टोकाला नुसता काळा शंभर असेल, तर मध्यावर दोन्ही अर्धे-अर्धे होतात. शेंदरी निम्मा फिका पडतो आणि त्यावर राखाडी चढते. काळ्या टोकातही तोच मॅजेंटा आणि पिवळा कायम ठेवायचा आणि वर काळा वाढवायचा. मग तो शेंदरीतून अंधारात जातो, चिखलातून जात नाही.

पट्ट्यांचं गणित सोपं आहे. साध्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. ए-४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ पिक्सेल उंच. समजा तुमचे दोन रंग जवळचे आहेत, त्यांच्यात ४० पायऱ्यांचाच फरक आहे आणि तो २००० पिक्सेलवर पसरलाय, तर एकेक पायरी ५० पिक्सेल रुंद झाली, म्हणजे कागदावर चार मिलिमीटरपेक्षा जास्त. डोळ्याला ती दिसणारच. उपाय : टोकांचे रंग जास्त लांबचे घ्या, किंवा लांबी कमी करा, किंवा ग्रेडियंटवर अगदी हलका नॉइज (विखुरलेले बारीक ठिपके) टाका. तुमच्या शिरोरेघेला ही भीती नाही, अंतर कमी आणि रंगांत फरक मोठा.

रेघोटी
गिंपच्या ग्रेडियंट टूलमध्ये 'डिदरिंग' नावाची चौकट असते, ती चालू असली की तो नॉइज वेगळा टाकावा लागत नाही.

कोरलकर
आणखी एक. प्रेसला पीडीएफ देताना कुठलं पीडीएफ हवं ते आधी फोन करून विचारा. एक्स-१-ए (छपाईसाठीचा पीडीएफचा एक प्रकार) मागत असतील तर त्यात पारदर्शकता चालत नाही, ज्योतीची कड विरवायला पारदर्शक थांबा वापरला असेल तर तो भाग फ्लॅटन होतो, म्हणजे सगळे थर एकात सपाट होतात, आणि कधी बारीक पांढऱ्या रेघा येतात. पारदर्शकऐवजी पार्श्वभूमीचाच रंग शेवटच्या थांब्याला दिला तर ही कटकटच नाही. तुमची पार्श्वभूमी एकरंगी क्रीम आहे, म्हणजे चालून जाईल.

अंगणदीप
पारदर्शकता मीही टाळली. ज्योतीच्या बाहेरच्या थांब्याला पारदर्शकऐवजी निळ्या अक्षराजवळ शोभेल असा गडद केशरी दिला, आतला जवळजवळ पांढरा पिवळा. रेडियलचा मध्य पोकळीच्या मध्यात न ठेवता थोडा खाली आणला, त्यामुळे उजेड खालून येतोय असं वाटतं.

इंकस्केपमधून निघालेली पीडीएफ आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) आहे, त्याचं काय करू? शाईगंधदादांनी सांगितलेले शाईचे आकडे मी तिथे कसे देणार?

शाईगंध
एसव्हीजी स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, तेही फुकट आहे. तिथे रंगांची यादी येते, एकेक रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) बदलून आकडे स्वतः टाका आणि तिथूनच पीडीएफ काढा. बांधणीची बाजू सोडून उरलेल्या तिन्ही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला रंग) विसरू नका. आणि पाठवण्याआधी मजकूर पाथ केलेली वेगळी प्रत करा, म्हणजे प्रेसकडे फाँट नसला तरी वेलांटी जागची हलणार नाही. चालू मजकुराची मूळ फाइल तुमच्याकडे तशीच ठेवा.

अंगणदीप
मंडळाची बैठक काल झाली. नाव 'दिवाळी'च राहिलं, 'ळ'मधली ज्योत पाहून कुणालाच ते बदलावंसं वाटेना. स्क्रायबसमधून काढलेली पीडीएफ आज प्रेसला दिली आणि त्यांनी संध्याकाळी प्रूफ (छपाईआधीचा नमुना) पाठवलं. वेलांटीच्या टोकाला स्वच्छ हळद, शिरोरेघेवर कुंकू, खाली लगेच निळा. भिंग घेऊन कड पाहिली, मधे पांढरं कुठेही नाही.

प्रूफवर फक्त आकडे थोडे उंच वाटतात, त्यांचा माथा शिरोरेघेच्या जरा वर जातोय. उद्या सकाळी त्यांना दोन पॉइंट लहान करून अंतिम फाइल पाठवते.